मोरपिसाआडचा ‘माणूस’

खडवली हे कल्याण–कसारा लोहमार्गावरचे एक लहानसे स्थानक. टिटवाळ्याला गणपतीच्या दर्शनाला निघालेली मंडळी उतरली, की आम्हा पुढे जाणाऱ्यांना डब्यात बसायला जागा मिळते. भातसा नदी, तिच्या काठची शेते आणि पावसाळ्यात सहलीला लोटणारी मुंबईकरांची गर्दी, एवढीच या गावाची बाहेरच्या जगाला ओळख. अशा आडबाजूला बसून चित्रपटकलेवर लिहिण्याचा आम्हांला अधिकार काय, असा प्रश्न एखादा वाचक विचारील. परंतु याच लोहमार्गाने कसारा घाट ओलांडला की पुढे नाशिक लागते, आणि भारतीय चित्रपटाचा पाळणा मुंबईइतकाच नाशकातही हलला आहे. ज्या नटाविषयी आम्ही लिहिणार आहोत त्याच्या कथेचा धागा तिथवर मागे जातो.

निमित्त घरगुतीच घडले. गेल्या नाताळच्या सुट्टीत आमच्याकडे जमलेल्या मुलांना आम्ही प्रभातचा ‘संत ज्ञानेश्वर’ हा जुना चित्रपट दाखवला. पडद्यावर तरुण ज्ञानेश्वर अवतरले तेव्हा आम्ही सहज म्हणालो, “हे शाहू मोडक. नगरच्या ख्रिस्ती घरातले.” मुलांमधली एक चिमुरडी चटकन वळून म्हणाली, “म्हणजे आपल्यातले?” घरातील एका वडीलधाऱ्यांनी अभिमानाने मान डोलावली. दुसऱ्यांनी कपाळाला आठी घातली आणि म्हणाले, “आपल्यातले कसले? सारा जन्म कृष्ण होण्यात गेला!” चित्रपट पुढे सरकला आणि वाद तिथेच राहिला. आम्हांला मात्र त्या दोन्ही उत्तरांनी अस्वस्थ केले. दोन्ही वडीलधारी मंडळी शाहू मोडक कोणाचे याविषयी बोलत होती. ते नट कसे होते, हे कोणीच विचारले नाही.

आमच्या मते या कलावंताच्या वाट्याला आलेली उपेक्षा ती हीच. त्यांचे नाव निघाले की दोन गोष्टी ठरल्याप्रमाणे सांगितल्या जातात. त्यांनी तब्बल २९ चित्रपटांत श्रीकृष्णाची भूमिका केली, ही पहिली. आणि जन्माने ते ख्रिस्ती होते, ही दुसरी. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरीही दोन्ही मिळून त्यांच्यातील नटाला झाकून टाकतात. तो नट कोठे होता, त्याचे काय झाले आणि त्याच्याकडे पाहताना आपण मराठी ख्रिस्ती वाचकांनी कोणता विवेक ठेवावा, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रारंभ एका विलक्षण योगायोगापासून करावा लागतो. १९१० च्या सुमारास त्र्यंबकचे धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या एका चित्रगृहात येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा परदेशी चित्रपट पाहत होते. डोळ्यांसमोर ख्रिस्तचरित्र सरकत असताना मनःचक्षूंपुढे राम आणि कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती, असे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले. त्या दर्शनातून १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ जन्माला आला. त्यानंतर फाळके नाशकास गेले आणि तेथून त्यांनी १९१८ साली ‘श्रीकृष्णजन्म’ व १९१९ साली ‘कालिया मर्दन’ हे मूकपट दिले. बाळकृष्ण झाली होती त्यांची कन्या मंदाकिनी. ख्रिस्ताला पडद्यावर पाहून एका हिंदू कलावंताला कृष्ण पडद्यावर आणावासा वाटला. आणि ज्या १९१८ साली ‘श्रीकृष्णजन्म’ झळकला, त्याच वर्षी २५ एप्रिलला अहमदनगरच्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात, पुढे बोलपटातला कृष्ण म्हणून गाजणारे हे मूल जन्मले. नियतीचे संकेत शोधण्याची हौस आम्हांला नाही. परंतु आपल्या चित्रपटसृष्टीच्या मुळाशीच अशी देवाणघेवाण होती, एवढे यातून ध्यानात घ्यावे.

शाहू मोडक यांचे अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे मराठी ख्रिस्ती संस्कृतीचे एक माहेरघर. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली तेथे कार्य आरंभले. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली याच शहरात सुरू झाले. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा येथेच रुजवली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आपली अभंगरचना याच परिसरात फुलवली आणि लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’तून तर हे शहर मराठी वाङ्मयात कायमचे घर करून बसले आहे. या परंपरेतला नेमका कोणता संस्कार बाल शाहूवर झाला हे मोजून सांगण्याचा अट्टहास आम्ही करणार नाही. मात्र ओवी, अभंग, टाळ, वीणा आणि कीर्तनकाराची रसाळ मराठी या नगरच्या ख्रिस्ती समाजाला परक्या नव्हत्या, एवढे निःशंक म्हणता येते. किंबहुना आपल्या उपासनेचा तो स्वीकारलेला स्वर होता.

आम्हा कॅथलिकांना तर हे नवल वाटण्याचे कारणच नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयाने १६१६ साली छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ ओवीबद्ध मराठीतच आहे. ज्या छंदात ज्ञानदेव बोलले तो छंद एका परदेशी धर्मगुरूने ख्रिस्तकथेसाठी आपलासा केला. मग तीन शतकांनंतर एका मराठी ख्रिस्ती मुलाने ज्ञानदेवांची भूमिका करताना तीच भाषा ओठांवर खेळवली, तर तो दूरचा प्रवास म्हणता येणार नाही. तो आपल्याच घराच्या अंगणात गेला होता.

१९३२ साली दादासाहेब तोरणे यांच्या सरस्वती सिनेटोनने ‘श्यामसुंदर’ हा बोलपट काढला. दिग्दर्शक होते भालजी पेंढारकर. राधेच्या भूमिकेत शांता आपटे प्रथमच पडद्यावर आल्या आणि कृष्ण झाला चौदा वर्षांचा शाहू. बोलपट अवतरून जेमतेम वर्ष झाले होते. नटाला गाता आले पाहिजे, ही त्या काळाची पहिली अट होती. संगीत रंगभूमीवर पोसलेला मराठी प्रेक्षक गाण्याशिवाय नाटक मानीत नसे, मग बोलपट कसा मानील? गाणाऱ्या या बाळकृष्णाने मुंबईला वेड लावले. पंचवीस आठवडे चाललेला, अर्थात रौप्यमहोत्सव साजरा केलेला पहिला भारतीय बोलपट म्हणून ‘श्यामसुंदर’चा उल्लेख केला जातो. पुढच्याच वर्षी ‘आवारा शहजादा’त त्यांनी दुहेरी भूमिका केली. आपल्या बोलपटातली ती पहिली दुहेरी भूमिका मानली जाते.

येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. चौदाव्या वर्षी मिळालेले असे यश हे कलावंताच्या गळ्यातले लोढणेही ठरू शकते. प्रेक्षक एकदा ज्या रूपाच्या प्रेमात पडतो, ते रूप तो सहसा बदलू देत नाही. निर्माताही प्रेक्षकाच्या प्रेमावर पैसे लावतो, नटाच्या वाढीवर लावत नाही. बाळकृष्णाचा तरुण कृष्ण झाला, तरुण कृष्णाचा प्रौढ कृष्ण झाला. मुकुटावरचे मोरपीस तेवढे कायम राहिले.

या दीर्घ वाटचालीत दोन वर्षे मात्र अशी आली, की तेव्हा त्या मुकुटाखालचा माणूस स्पष्ट दिसला. ती वर्षे १९३९ आणि १९४०. दोन्ही चित्रपट पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचे.

पहिला ‘माणूस’. दिग्दर्शक व्ही. शांताराम. हिंदीत तो ‘आदमी’ या नावाने निघाला. कथा थोडक्यात अशी. गणपत हा साधा पोलीस शिपाई. वेश्यावस्तीवर घातलेल्या धाडीत मैना त्याच्या तावडीत सापडते. तिला पकडण्याऐवजी तो तिला वाचवतो. दयेतून स्नेह आणि स्नेहातून प्रेम उपजते. तो तिला या जीवनातून बाहेर काढू पाहतो, आपल्या देवभोळ्या आईपुढे नेऊन उभी करतो. पण मैनेला आपल्या भूतकाळापासून सुटका नाही. तिला लुबाडू पाहणाऱ्या नातलगाचा तिच्या हातून खून होतो, ती तुरुंगात जाते, आणि गणपत तिच्या सुटकेसाठी धडपडतो तेव्हा तीच ती सुटका नाकारते. गणपत मोडून पडतो. परंतु संपत नाही. शेवटी तो पुन्हा आपल्या कामावर रुजू होतो.

या चित्रपटातील मैना, म्हणजे शांता हुबळीकर, आजही लोकांच्या स्मरणात आहेत. त्यांचे अनेक भाषांतून फिरणारे ते गाणे तर पिढ्यान्‌पिढ्या गुणगुणले गेले. गणपत मात्र विसरला गेला. हे अन्यायाचे असले, तरी समजण्याजोगे आहे. मैनेची भूमिका बोलकी, चमकदार, क्षणाक्षणाला रंग बदलणारी आहे. गणपतच्या वाट्याला आला आहे तो गोंधळ. तो फार हुशार नाही, फार शूर नाही, फार वक्ताही नाही. एका स्त्रीकडे ती माणूस आहे म्हणून पाहण्याची चूक त्याच्याकडून घडली आहे, आणि या चुकीचे काय करावे हे त्याला कळत नाही. असा मनुष्य उभा करणे फार कठीण असते. नट जरा अधिक बोलका झाला तर गणपत समाजसुधारक वाटेल, जरा अधिक देखणा झाला तर प्रेमवीर वाटेल. शाहू मोडकांनी दोन्ही मोह टाळले. त्यांचा गणपत ओशाळतो, चाचरतो, आपल्याच धैर्याला घाबरतो. मैना बोलत असताना तो ज्या तऱ्हेने ऐकतो, ते ऐकणे हाच त्यांचा अभिनय आहे.

या चित्रपटात एक गमतीचा प्रसंग आहे. फिरायला गेलेल्या गणपत आणि मैनेला एका झाडाखाली चाललेले चित्रीकरण दिसते. सिनेमातील नायक-नायिका गोडगोड प्रेमालाप करीत असतात. शांतारामांनी तेव्हाच्या प्रेमपटांची केलेली ही थट्टा आहे, हे सर्वश्रुत आहे. परंतु आम्हांला त्यात आणखी काही दिसले. जो नट स्वतः लहानपणापासून राधेसमवेत पडद्यावर गात आला, तोच येथे साध्या शिपायाच्या वेषात बाजूला उभा राहून खोट्या प्रेमाभिनयाकडे पाहतो. आपल्याच कालच्या सोंगाकडे पाहणारा नट, असा तो क्षण आहे. दिग्दर्शकाच्या मनात हे असेल वा नसेल. पाहणाऱ्याच्या मनात ते उमटते खरे.

‘माणूस’ हा कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या ‘देवदास’ला दिलेला जबाब होता. १९३५ साली आलेल्या त्या चित्रपटाने प्रेमभंगात स्वतःला दारूत बुडवणारा नायक तरुणांच्या गळी उतरवला होता. हिंदी ‘देवदास’चे कुंदनलाल सैगल हेही गाते नट, त्यांचा आवाज हीच त्यांची भूमिका होती. प्रेम हरपले म्हणून जीवन हरपत नाही, हे शांतारामांना सांगायचे होते. हे सांगण्यासाठी त्यांना आवाजाच्या जादूवर तरून जाणारा नायक चालणार नव्हता. दुःख पचवून सकाळी कामावर जाणारा, चारचौघांसारखा दिसणारा माणूस हवा होता. ज्या मुलाला सारा महाराष्ट्र देव म्हणून ओळखत होता, त्याच्यात हा चारचौघांसारखा माणूस शांतारामांना दिसला, यात दिग्दर्शकाची नजर आहे. आणि तो विश्वास खरा करून दाखवण्यात नटाचे मोठेपण आहे.

ख्रिस्ती वाचकाला या कथेतील एक ओळखीची वेदना जाणवल्यावाचून राहणार नाही. दगड मारायला जमलेल्या लोकांपुढे उभी केलेली ती स्त्री आपण शुभवर्तमानात भेटलो आहोत. तिथे दगड गळून पडतात आणि ती नव्या जीवनाकडे पाठवली जाते. ‘माणूस’मधली मैना त्याच उंबरठ्यावर येऊन थबकते. गणपतने तिला क्षमा केली आहे, त्याची आईही तिला पोटाशी धरू पाहते. पण तिला स्वतःला क्षमा करता येत नाही. प्रेम दिले जाऊ शकते, ते घ्यायला कोणाला भाग पाडता येत नाही. या दारुण सत्यापुढे हतबल झालेला गणपत, हा शाहू मोडक यांनी साकारलेला सर्वांत खोल क्षण आहे असे आमचे मत आहे. तिथे त्यांच्या डोक्यावर मुकुट नाही, मागे तेजोवलय नाही आणि हाती चमत्कार नाही. जिचा उद्धार करावयाचा तिच्यापुढे तो रिकाम्या हातांनी उभा आहे.

दुसरा चित्रपट ‘संत ज्ञानेश्वर’. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, संगीत केशवराव भोळे यांचे. चार वर्षांपूर्वी याच जोडीने ‘संत तुकाराम’ काढला होता आणि व्हेनिसच्या महोत्सवात तो नावाजला गेला होता. तुलना अटळ होती. विष्णुपंत पागनिसांच्या तुकारामाला घर होते, कर्ज होते, कडाडून भांडणारी आवली होती. संतपणाला संसाराची धार लागली की नाट्य आपोआप उभे राहते. ज्ञानेश्वरांच्या चरित्रातले नाट्य मात्र बालपणातच सरते. संन्याशाची पोरे म्हणून समाजाने वाळीत टाकलेली ती चार भावंडे, आईबापांचे देहान्त प्रायश्चित्त, पैठणच्या ब्रह्मवृंदापुढची ती परीक्षा, हे सारे बालज्ञानेश्वराच्या भूमिकेतील यशवंत या मुलाच्या वाट्याला आले. शाहू मोडकांकडे आले ते त्यानंतरचे शांतपण.

शांतपणाचा अभिनय कसा करावा? पडद्यावर निश्चल चेहरा फार लवकर चित्रासारखा सपाट होतो. या चित्रपटात काही ठिकाणी तसे झालेही आहे. भिंत चालवण्यासारख्या चमत्कारदृश्यांत नट केवळ एक मूर्ती उरतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. ती दृश्ये प्रभातच्या तंत्रकौशल्याची आहेत, अभिनयाची नाहीत. परंतु जिथे ज्ञानेश्वर लोकांशी मराठीतून बोलतात आणि जिथे समाधीपूर्वी भावंडांचा निरोप घेतात, तिथे त्या शांतपणाच्या तळाशी एक ओल जाणवते. ज्यांनी आपल्याला दाराबाहेर ठेवले त्यांच्याविषयी मनात कडवटपणा न ठेवता बोलणारा हा तरुण आहे. १२९६ साली आळंदीस ज्ञानदेवांनी समाधी घेतली तेव्हा त्यांचे वय एकवीस मानले जाते. चित्रपट झळकला त्या वर्षी शाहू मोडक बावीस वर्षांचे झाले. प्रौढ नटाने तरुण संताचा आव आणलेला नाही. एका तरुणाने तारुण्यातली विरक्ती दाखवली आहे.

वाळीत टाकले जाण्याची ही आठवण मराठी ख्रिस्ती समाजाला पुस्तकात वाचावी लागत नाही. धर्मांतरामुळे घरदार, नातीगोती आणि विहिरीचे पाणी तुटलेल्या कित्येक कुटुंबांच्या कहाण्या आपल्या आजी-आजोबांनी सांगितल्या आहेत. तेव्हा समाजाबाहेर ठेवलेल्या ज्ञानदेवांची भूमिका एका ख्रिस्ती तरुणाने करणे, यात आम्हांला विसंगती दिसत नाही. उलट एक न बोललेली सुसंगती दिसते. अर्थात हे आमचे वाचन आहे, नटाच्या मुखी आम्ही ते घालीत नाही.

यानंतर काय झाले? १९४२ साली विजय भट्ट यांच्या ‘भरत मिलाप’मध्ये (मराठीत ‘भरत भेट’) ते भरत झाले. ही भूमिका आम्हांला अर्थपूर्ण वाटते, कारण भरत हा देव नाही; देवाच्या पादुका सांभाळणारा भाऊ आहे. पण १९४४ साली भालजींच्या ‘महारथी कर्ण’मध्ये ते पुन्हा कृष्ण होते. कर्णाच्या भूमिकेत होते पृथ्वीराज कपूर. ही वाटणी सूचक आहे. कर्ण जळतो, झगडतो, चुकतो; म्हणून त्याची भूमिका हे नटाचे कुरण. कृष्ण सारे आधीच जाणतो. म्हणून तो फक्त स्मित करतो. आणि हे स्मित शाहू मोडकांइतके लोभस दुसऱ्या कोणाला जमत नाही, असे निर्मात्यांनी एकदा ठरवून टाकले. इकडे पार्श्वगायनाची पद्धत रूढ झाली, गळा एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा ही रीत पडली. गात्या नटांची गरजच उरली नाही. ज्या गळ्याने त्यांना पडद्यावर आणले होते, त्याला आता पूर्वीची किंमत नव्हती. उरला चेहरा. आणि त्या चेहऱ्याची प्रेक्षक पूजा करीत होते.

लोक त्यांना वाकून नमस्कार करीत, असे सांगितले जाते. नटाला याहून मोठी पावती कोणती, असे विचारले जाईल. आमचे उत्तर थोडे वेगळे आहे. भक्त टीका करीत नाही, तुलना करीत नाही आणि नव्याची अपेक्षाही ठेवीत नाही. रंगलेल्या प्रेक्षकाकडून नट शिकतो. नमस्कार करणाऱ्या प्रेक्षकाकडून त्याला काही शिकता येत नाही. गणपत शिपायाला कोणी नमस्कार केला नसेल. त्याला पाहून कोणी तरी रात्रभर तळमळले असेल, आणि कलेच्या राज्यात आम्ही त्या तळमळीला अधिक मानतो.

साच्यात अडकण्याची ही गोष्ट एकट्या शाहू मोडकांची नाही, एकट्या आपल्या देशाचीही नाही. आपल्याकडे जसे पौराणिक चित्रपट, तसे अमेरिकेत घोडेस्वार बंदूकबाजांचे ‘वेस्टर्न’ चित्रपट. साठीच्या दशकात इटलीनेही असे शेकड्यांनी चित्रपट काढले. इटालियन गुराखी प्रेक्षकांना पटणार नाही या भीतीने तेथल्या कलावंतांनी अमेरिकन वाटणारी नावे घेतली. जूलियानो जेम्मा ‘माँटगोमेरी वुड’ झाले, मारिओ जिरोत्ती ‘टेरेन्स हिल’ झाले. १९६४ च्या एका गाजलेल्या चित्रपटासाठी खुद्द दिग्दर्शक सेर्जो लेओने यांनी ‘बॉब रॉबर्टसन’ हे नाव लावले. रीता पावोनेसारख्या लोकप्रिय गायिकेलाही १९६७ साली कमरेला पिस्तुल लावून त्या लाटेत उतरवले गेले. लाट ओसरली. मोजकी नावे तरली, आणि कधी काळी गाण्याच्या तबकड्यांवर व भिंतीवरच्या जाहिरातींवर झळकलेले कितीतरी गायक-नट विस्मृतीत गेले. साचा कलावंताला पोसतो तोवर पोसतो. मग त्याची जागा दुसऱ्याला देतो.

या तुलनेत शाहू मोडकांची एक गोष्ट उठून दिसते. त्यांनी नाव बदलले नाही. आपल्या चित्रपटसृष्टीत नाव बदलण्याची रीत काही कमी नव्हती. रूबी मायर्स ‘सुलोचना’ झाल्या होत्या, युसुफ खान ‘दिलीपकुमार’ झाले. त्याच सृष्टीच्या वाद्यवृंदांत आपले गोमंतकीय कॅथलिक बांधव व्हायोलिन आणि ट्रम्पेट वाजवीत होते. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या संगीत-संयोजकांचे श्रम बहुधा श्रेयनामावलीबाहेरच राहत. शाहू मोडकांच्या बाबतीत असा आडपडदा लागला नाही. मराठी प्रेक्षकानेही या नावाच्या मनुष्याचा धर्म विचारून तिकीट काढले नाही. ही त्या काळाच्या मराठी समाजाची थोरवी आहे आणि ती आज आवर्जून आठवावी अशी आहे.

परंतु हीच थोरवी सांगताना आपण आणखी एक साचा घडवत नाही ना, हे तपासले पाहिजे. सर्वधर्मसमभावाच्या भाषणात शाहू मोडक हे एक हुकमी उदाहरण होऊन बसतात. ‘ख्रिस्ती असूनही कृष्ण झाले’, या वाक्यातील ‘असूनही’ हा शब्द आम्हांला खटकतो. नट भूमिका करतो तेव्हा तो स्वतःचे काही देऊन टाकत नाही आणि दुसऱ्याचे काही चोरतही नाही. कपाळाला आठी घालणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांना वाटले, की हा माणूस आपल्याला सोडून गेला. अभिमानाने मान डोलावणाऱ्यांना वाटले, की त्याची कीर्ती आपल्या खात्यावर जमा आहे. अल्पसंख्य समाजाला या दोन्ही भावना सहज ग्रासतात, हे आम्ही स्वतःलाही बजावतो. संख्येने थोडे असलो की आपण आपल्यातली थोर माणसे मोजू लागतो, आणि मोजताना त्यांचे काम पाहायचे राहून जाते.

शाहू मोडक ११ मे १९९३ रोजी निवर्तले. त्यांच्या काळातील बहुसंख्य बोलपट आज पाहायला मिळत नाहीत. त्यांचे एकोणतीस कृष्ण एकापुढे एक मांडून पाहणे आमच्यासारख्या अभ्यासकाला शक्य नाही, आणि आमचा निर्णय मुख्यतः दोन चित्रपटांवर आधारलेला आहे, ही त्याची मर्यादा आम्ही मान्य करतो. तरीही एखाद्या नटाला न्याय देण्यास दोन चित्रपट पुरेसे असतात, जर त्यांत तो खरोखर उपस्थित असेल. ‘माणूस’ आणि ‘संत ज्ञानेश्वर’ यांत ते उपस्थित आहेत. एकात माणूस आहे, दुसऱ्यात संत. आणि गंमत अशी, की संताचा मृदूपणा शिपायात आला आहे आणि शिपायाचा ओशाळा माणूसपणा संताच्या डोळ्यांत उतरला आहे. प्रेक्षकाने, निर्मात्याने आणि काळाने या नटाला या वाटेवर आणखी चालू दिले असते, तर मराठी पडद्याला एक फार मोठा स्वाभाविक अभिनेता लाभला असता, असे आम्हांला वाटते. त्याऐवजी आपल्याला एक सुंदर कृष्ण मिळाला. मिळाले ते थोडे नाही, पण हुकले तेही लहान नव्हते.

त्या चिमुरडीला आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नाही. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर ती पुन्हा घरी आली तेव्हा आम्ही तिला ‘माणूस’ दाखवला. चित्रपट जुना, आवाज खरखरीत. ती कंटाळेल असे वाटले होते. ती कंटाळली नाही. शेवटी गणपत पुन्हा कामावर निघाला तेव्हा तिने विचारले, “त्याला अजून ती आठवत असेल का हो?”

ते ‘आपल्यातले’ होते की नव्हते, हा प्रश्न ती विसरून गेली होती. आम्हीही तो पुन्हा काढला नाही.